क्लाउड मोठा, खिडक्या दोनच

शाळेची बस कुठवर आली हे हल्ली पालक मोबाइलवर बघतात. मालट्रकचा मालक रात्री झोपण्याआधी नकाशावर आपल्या गाड्यांचे ठिपके मोजतो. हे ठिपके पाठवणारा जीपीएस ट्रॅकर म्हणजे डॅशबोर्डमागे वायरींच्या जंजाळात टेपने चिकटवलेली छोटी काळी डबी. तिच्यात सिमकार्ड असतं आणि दर काही सेकंदांनी ती आपला ठावठिकाणा एका सर्व्हरला कळवत राहते. या डबीत ब्राउझर नाही, तिला वेबसाइट उघडता येत नाही. अशा बहुतेक स्वस्त डब्यांना एचटीटीपी ही वेबची भाषा येतच नाही. गाडीत बसवताना मेकॅनिक तिला एक एसएमएस करतो: ‘सर्व्हर’ हा शब्द, मग स्वल्पविराम देत सर्व्हरचा पत्ता, पोर्टचा क्रमांक आणि शेवटी हॅशची खूण. एवढ्या शिदोरीवर ती पुढची काही वर्षं काढते.

आता या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा डेव्हलपर घ्या. त्याने कोड लिहिला, स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहिला आणि सगळे वापरतात म्हणून एका झकास आधुनिक क्लाउड प्लॅटफॉर्मवर चढवला. एक कमांड, दोन मिनिटं, वर सुरक्षित कुलपाचं चिन्हही फुकट. नकाशा उघडतो, लॉगिन होतं, रंगसंगती उत्तम. ठिपका मात्र एकही नाही. ट्रॅकर ५०२३ क्रमांकाच्या पोर्टवर हाका मारतोय आणि प्लॅटफॉर्मला ८० आणि ४४३ यांच्यापलीकडे काही ऐकू येत नाही.

आयपी पत्ता म्हणजे कचेरीचा पत्ता आणि पोर्ट म्हणजे आतला खिडकी क्रमांक. एकाच पत्त्यावर टीसीपी या माहिती पाठवण्याच्या पद्धतीसाठी ६५,५३५ पर्यंतचे क्रमांक, तेवढेच यूडीपी या दुसऱ्या पद्धतीसाठी. वेबसाठी ८०, कूटबद्ध वेबसाठी ४४३, मेलसाठी २५, नावांच्या शोधासाठी ५३. सुरुवातीच्या काळात या क्रमांकांची वही कॅलिफोर्नियात जॉन पोस्टेल सांभाळत. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं आणि एफटीपीचा २१ व टेलनेटचा २३ यांच्या मधला २२ मोकळा दिसला म्हणून मेल करून मागितला. दुसऱ्या दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांचं होकाराचं उत्तर आलं. आज अख्खं जग त्याच २२ वरून सर्व्हरमध्ये शिरतं. इतक्या साधेपणाने वाटल्या गेलेल्या या क्रमांकांवर आज कारखाने, रुग्णालयं आणि वाहतूक चालते. मॉडबस बोलणारी यंत्रं ५०२ वर, एमआरआयच्या प्रतिमा वाहणारं डायकॉम १०४ किंवा ११११२ वर, सेन्सरांचं एमक्यूटीटी १८८३ वर, इंटरनेट टेलिफोनीचं सिप ५०६० वर. ट्रॅकार या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दोनशेहून अधिक ट्रॅकर प्रोटोकॉल आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पोर्ट: एच०२ ला ५०१३, जीटी०६ ला ५०२३, टेल्टोनिकाला ५०२७.

मग क्लाउड कंपन्यांनी दोनच खिडक्या का उघड्या ठेवल्या? हा आळशीपणा नाही, दुष्टपणाही नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या हेरोकूने जो साचा घालून दिला त्याचा पायाच तो आहे. एका आयपी पत्त्यामागे हजारो ग्राहकांची अ‍ॅप्लिकेशन्स दाटीवाटीने बसवायची आणि आलेली विनंती कुणाची हे तिच्यावरचं नाव वाचून ठरवायचं. वेबच्या विनंतीवर हे नाव असतं. ब्राउझर दर वेळी कोणती साइट हवी ते स्पष्ट लिहून पाठवतो, कूटबद्ध जोडणीतही ते सुरुवातीलाच सांगतो. कच्च्या टीसीपी जोडणीवर असं काही लिहिलेलं नसतं. फक्त आयपी आणि पोर्ट. म्हणजे एखाद्या ग्राहकाला ५०२३ द्यायचा तर त्या पत्त्यावरचा ५०२३ इतर कुणालाही देता येत नाही, किंवा मग प्रत्येकाला स्वतंत्र आयपी द्यावा लागतो. आयपीव्ही४ चे पत्ते एकूण सव्वाचार अब्जांच्या आसपास, आणि आशिया-प्रशांत विभागाचा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच तळाला लागला. १ फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉनने प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यावर ताशी अर्धा सेंट आकारायला सुरुवात केली. महिन्याचे साडेतीन डॉलरच्या वर झाले. हिशेब असा आहे.

तक्रार साच्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती तो विकण्याच्या पद्धतीबद्दल. ‘कोणतंही अ‍ॅप्लिकेशन, कोणतीही भाषा, कोणताही कंटेनर’ अशा थाटाच्या जाहिराती वाचून माणूस येतो. ‘फक्त एचटीटीपी’ ही अट दस्तऐवजाच्या चौथ्या-पाचव्या पानावर भेटते. गुगलचं क्लाउड रन आत ८०८० किंवा सांगाल तो एक पोर्ट ऐकतं, बाहेरच्या जगाला मात्र वेबचाच दरवाजा. अ‍ॅझ्युअरची अ‍ॅप सर्व्हिस तशीच. रेंडरवर इतर पोर्ट चालतात, पण आपल्याच सेवांनी आपापसांत बोलण्यापुरते. क्लाउडफ्लेअरचा नेहमीचा प्रॉक्सी एचटीटीपीसाठी सात आणि एचटीटीपीएससाठी सहा ठरावीक पोर्ट जाऊ देतो. ८४४३ चालेल, ५०२३ नाही. बाकीच्यांसाठी त्यांची स्पेक्ट्रम ही वेगळी सेवा आहे आणि हवा तो पोर्ट हवा असेल तर बोलणी थेट एंटरप्राइझ विभागाशी. खरं तर किमतींच्या तक्त्यात ‘मेमरी’ आणि ‘स्टोरेज’ यांच्या शेजारी ‘बाहेरून येणारे पोर्ट’ असा एक रकाना प्रत्येक कंपनीने द्यायला हवा. चार शब्दांचं काम आहे, पण त्याने कितीतरी लोकांचे आठवडे वाचतील.

मधल्या वाटाही आहेत. रेल्वे नावाची एक अमेरिकी होस्टिंग कंपनी (आपल्या रेल्वेशी संबंध नाही, वेटिंग लिस्टही नाही) कच्च्या टीसीपीसाठी प्रॉक्सी देते, पण पोर्टचा क्रमांक तीच ठरवते. डेटाबेसला घरून जोडायचं असेल तर हे चालतं, कारण तो क्रमांक आपण आपल्या प्रोग्रामला सांगू शकतो. रस्त्यावर आधीच धावणाऱ्या आणि ५०२३ घोकून बसलेल्या डबीला कोण समजावणार? फ्लाय डॉट आयओ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही देते, हवा तो पोर्ट देते. यूडीपीसाठी स्वतंत्र आयपीव्ही४ विकत घ्यावा लागतो आणि प्रोग्रामला एका विशिष्ट अंतर्गत पत्त्यावर ऐकायला बसवावं लागतं. ही अट वाचली नाही तर माहितीची पाकिटं येत राहतात, उत्तरं जात नाहीत आणि चूक कुठेच दिसत नाही.

त्याआधीचा प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात: वेगळा पोर्ट खरंच हवा आहे का? दोन्ही टोकं आपल्याच हातात असतील, म्हणजे सर्व्हरही आपला आणि मोबाइल अ‍ॅपही आपलं, तर उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. कॉलेजचं वायफाय, बँकेचं कार्यालय, मोठ्या कंपन्यांचे फायरवॉल ८० आणि ४४३ सोडून बाकी सगळं अडवतात. हौसेने ७७७७ वर चालवलेली चॅट सेवा घरी चालते आणि ग्राहकाच्या ऑफिसात गप्प होते. म्हणून तर २०११ मध्ये वेबसॉकेटचं प्रमाण ठरलं, एमक्यूटीटी वेबसॉकेटवरून नेता येऊ लागलं, अ‍ॅमेझॉनच्या आयओटी सेवेने ८८८३ च्या जोडीला ४४३ वरही एमक्यूटीटी घ्यायला सुरुवात केली. एचटीटीपी/३ सुद्धा यूडीपीवर गेलं ते ४४३ हाच क्रमांक घेऊन. नवीन उपकरण बनवणाऱ्या पुण्या-नाशिकच्या एखाद्या उद्योजकाने आज स्वतःचा वेगळा पोर्ट आखणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांची डोकेदुखी आजच मागवून ठेवणं.

हिशेबनिसांच्या कचेऱ्यांचीही एक वेगळीच गोष्ट आहे. टॅली मूळ ९००० या पोर्टवर इतर प्रोग्रामशी बोलतं. घरून काम करायचं म्हणून कुणीतरी सल्ला देतो, क्लाउडवर विंडोज घ्या, टॅली टाका आणि ३३८९ उघडा, म्हणजे रिमोट डेस्कटॉप सुरू. हा सल्ला सरळ नाकारावा असा आहे. ३३८९ सगळ्या जगाला उघडा ठेवलेलं यंत्र पासवर्ड आजमावणाऱ्या यंत्रमानवांचं आवडतं खाद्य आहे. इथे गरज पोर्टची नाही, खासगी जोडणीची आहे: वायरगार्डसारखा व्हीपीएन, बाहेर यूडीपीचा एकच पोर्ट उघडा, आणि ३३८९, ९००० हे सगळे त्याच्या आत झाकलेले.

उरतात ती उपकरणं, ज्यांची भाषा आणि खोड आपल्या हातात नाही. ट्रॅकर, वीजमीटर, सीएनसी यंत्रं, रुग्णालयातले स्कॅनर. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रकाशित केलेलं एआयएस-१४० हे प्रमाण सार्वजनिक प्रवासी वाहनांतल्या ट्रॅकरला लागू आहे. त्यात डबीने किमान दोन वेगवेगळ्या आयपी पत्त्यांना माहिती पाठवता आली पाहिजे असं म्हटलंय. अशा कामासाठी क्लाउडमधली सगळ्यात जुनी, सगळ्यात कंटाळवाणी वस्तू घ्यावी: साधं व्हर्च्युअल मशीन आणि एक स्थिर आयपी. अ‍ॅमेझॉन मुंबईत २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचा पुण्याचा विभाग २०१५ पासून, गुगल मुंबईत २०१७ पासून, डिजिटलओशन बंगळुरूत. काही शे गाड्यांचा धंदा महिना पाच-दहा डॉलरच्या यंत्रावर आरामात चालतो, कारण ट्रॅकरची पाकिटं मोजक्या बाइटांची असतात. सर्व्हरलेस, कुबरनेटीस वगैरे शब्द बैठकीत छान वाटतात. कुबरनेटीसने बाहेर उघडलेला नोडपोर्ट तर मुळातच ३०००० ते ३२७६७ मध्ये पडतो आणि ५०२३ हवा असेल तर पुन्हा वर येणाऱ्या जोडण्या वाटून देणारा लोड बॅलन्सर बसवावा लागतो. अशा बॅलन्सरचं नुसतं भाडंच अ‍ॅमेझॉनकडे महिना पंधरा डॉलरच्या वर जातं. म्हणजे नोकरापेक्षा वर्दी महाग.

साधं यंत्र घेतलं म्हणजे सगळं सुरळीत झालं असंही नाही. इथली सगळ्यात नेहमीची अडचण जवळून बघण्यासारखी आहे. मेकॅनिक फोनवर सांगतो, ‘साहेब, डबीचा हिरवा दिवा लागलाय, पण गाडी दिसत नाही.’ अनुभवी माणूस अशा वेळी कोड उघडत नाही. सर्व्हरवर येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं टीसीपीडम्प लावतो आणि ५०२३ कडे बघत बसतो. काहीच दिसत नसेल तर क्लाउडच्या फायरवॉलने बाहेरच अडवलंय, किंवा एसएमएसमध्ये पत्ता चुकलाय. जोडणीची तीच ती विनंती पुन्हा पुन्हा येताना दिसली आणि उत्तर नसेल, तर पाकीट यंत्रापर्यंत पोचलंय आणि यंत्राच्या आतल्या फायरवॉलने गिळलंय. ओरॅकलच्या क्लाउडवरच्या तयार लिनक्समध्ये हा दुसरा फायरवॉल आधीच बंदोबस्त करून बसलेला असतो आणि वेब कन्सोलमध्ये पोर्ट उघडूनही लोक दिवसभर डोकं धरून बसतात. विनंती येताच तडक नकार जात असेल, तर प्रोग्रामच चालू नाही किंवा तो फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःशीच बोलत बसलाय. आणि सगळं जमलं की पडद्यावर ७८ ७८ ने सुरू होणारं पाकीट येतं: मग लांबी, मग लॉगिनचा ०१, मग आठ बाइटांत आयएमईआय हा डबीचा ओळख क्रमांक, शेवटी ०डी ०ए. सर्व्हरने याला उत्तर दिलं नाही तर डबी रुसते, जोडणी तोडते आणि पुन्हा पहिल्यापासून हाका मारू लागते.

उलटा प्रकारही होतो, आणि तो अधिक वाईट. यंत्रावर यूएफडब्ल्यू हा फायरवॉल लावून सगळं बंद केलंय अशा समजुतीत माणूस निश्चिंत असतो; पण डॉकरने प्रकाशित केलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून थेट बाहेर जातात. ट्रॅकरसाठी ५०२३ उघडताना शेजारच्या डेटाबेसचा पोर्टही तसाच प्रकाशित केला असेल, तर तोही जगाला उघडा होतो. २०१६ च्या अखेरीस आणि २०१७ च्या जानेवारीत २७०१७ वर बिनपासवर्ड उघडे असलेले हजारो मॉन्गोडीबी डेटाबेस पुसून टाकून खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला, तो मेमकॅश्डच्या यूडीपी ११२११ या उघड्या पोर्टांचा वापर करून. यातल्या कुठल्याही मालकाने ‘हल्ला करा’ म्हणून पोर्ट उघडला नव्हता. क्लाउडच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये फक्त लागणारे पोर्ट लिहावेत आणि डेटाबेसचा तर कधीच लिहू नये.

ट्रॅकरचा पोर्ट मात्र उघडाच ठेवावा लागतो, कारण गाडीचा मोबाइल आयपी सतत बदलतो. जीटी०६ मध्ये पासवर्ड नाही, कूटबद्धता नाही. ओळख म्हणजे पंधरा आकडी आयएमईआय. तो ठाऊक असलेला कुणीही सांगलीतली गाडी सुरतेत दाखवू शकतो. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा यंत्रणेने मायकोडस एमव्ही७२० या ट्रॅकरबद्दल जाहीर इशारा दिला होता, त्यात आतच कोरून ठेवलेल्या पासवर्डचा दोष होता. त्यामुळे होस्टिंग निवडताना सर्व्हरवर येणाऱ्या माहितीची शहानिशा कुठे करायची, एका सेकंदात साठ किलोमीटर उडी मारणारा ठिपका कोण नाकारणार, हे सॉफ्टवेअरवाल्याला विचारलंच पाहिजे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांच्या नोंदी जपायच्या आहेत आणि घटना सहा तासांत कळवायची आहे. नोंदींची ती जागासुद्धा महिन्याच्या बिलात धरावी लागते.

गाड्या वाढल्या, दोन सर्व्हर लागले आणि मध्ये लोड बॅलन्सर आला की एक चमत्कारिक तक्रार सुरू होते: चालत्या गाड्या दिसतात, उभ्या गाड्या हरवतात. ट्रक ढाब्यावर थांबला, इंजिन बंद झालं की डबी डुलकी घेते आणि क्वचितच ‘आहे मी’ एवढंच सांगते. अ‍ॅमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर मुळात ३५० सेकंद शांत राहिलेली टीसीपी जोडणी विसरून जातो. २०२४ पासून हा काळ बदलता येतो, पण बदलावा लागतो हे आधी कळायला हवं. अ‍ॅझ्युअरची ही मर्यादा न बदलल्यास चार मिनिटांची आहे, गुगलच्या फायरवॉलची दहा मिनिटांची. सर्व्हरला वाटतं जोडणी जिवंत आहे, मालक मोबाइलवरून ‘इंजिन बंद करा’चं बटण दाबतो आणि तो आदेश कुठेच पोचत नाही. डबीच्या हजेरीचा काळ बॅलन्सरच्या सहनशक्तीपेक्षा कमी ठेवणं हा यावरचा साधा उपाय. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात या आकड्याला जागा नसते. प्रोसेसर किती वेगवान हे मात्र ठळक अक्षरांत असतं.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक पहिल्याच दिवशी, पहिल्याच एसएमएसमध्ये होते. डबीला सर्व्हरचं नाव सांगण्याऐवजी आकडी आयपी सांगितला जातो. तो आयपी क्लाउड कंपनीचा असतो, ग्राहकाचा नाही. दुसरीकडे स्वस्त मिळतंय म्हणून निघालं की आयपी तिथेच राहतो. स्वतःचे पत्ते घेऊन जाण्याची सोय मोठ्या क्लाउडवर आहे, पण त्यासाठी किमान २५६ पत्त्यांचा गठ्ठा आपल्या नावावर हवा. छोट्या वाहतूकदारासाठी हे शक्यच नाही. मग उरतो तो प्रत्येक डबीला नवा एसएमएस. कित्येक ट्रॅकरांत तेरा आकडी एम२एम सिम असतं आणि त्यावर बाहेरच्या नंबरवरून एसएमएस बंद असतो. म्हणजे पुन्हा मेकॅनिक, पुन्हा डॅशबोर्ड उघडणं, आणि गाडी त्या दिवशी गुवाहाटीला. डबी डोमेन नाव स्वीकारते का, हे विकत घेण्याआधी एका डबीवर करून बघावं. नोंदवलेलं डोमेन मालकाच्या नावावर असावं, सॉफ्टवेअरवाल्याच्या नव्हे. महापालिकेच्या घंटागाड्यांच्या किंवा शाळांच्या बसच्या निविदेत ‘क्लाउड आधारित’ एवढं लिहून भागत नाही. कोणते पोर्ट, टीसीपी की यूडीपी, जोडणी किती वेळ शांत राहिली तरी चालेल, पत्ता आयपी की नाव आणि ते कुणाच्या मालकीचं, या पाच ओळी त्यात असाव्यात. ज्यांनी आकडी आयपी देऊन टाकलाय त्यांना नव्या जागी जाताना जुनं छोटं यंत्र भाड्याने चालूच ठेवावं लागतं. त्यावर एनजिनएक्स किंवा एचएप्रॉक्सी ५०२३ वर आलेलं सगळं नव्या सर्व्हरकडे ढकलत राहतं, आणि शेवटची गाडी वर्कशॉपमध्ये येऊन तिची डबी नव्या पत्त्यावर वळेपर्यंत त्या यंत्राचं बिल दर महिन्याला भरावं लागतं.